जादूच्या कांडीची किंमत

जव्हारच्या बाजारांत नागलीचा भाव काय, हें आमच्या शाळेंतील लहानांत लहान मुलासही सांगतां येतें. मोखाड्याकडून येणाऱ्या मुलांस तर वरईचा आणि मोहाचाही सांगतां येतो. घेणाऱ्यास वस्तु दिसते, ती मापानें मोजतां येते, आणि गेल्या वर्षीं तिचा भाव काय होता हेंही कोणाच्या तरी ध्यानांत असतें. परंतु जी वस्तु कोणीं पाहिली नाहीं, जिचें काम डोळ्यांस दिसत नाहीं, आणि जिच्या योगें दुसरीच एक न दिसणारी शक्ति वाढते असें म्हणतात, तिची किंमत कशी ठरवावी? हा प्रश्न वसतिगृहांतील मुलांनीं यंदाच्या पावसाळ्यांत आमच्यापुढें आणिला, व तो प्रथम वाटला तितका पोरकट निघाला नाहीं. म्हणून त्याविषयीं चार शब्द या अंकांत लिहीत आहों.

ज्या पालकांस हा खेळ ठाऊक नसेल त्यांच्यासाठीं तो थोडक्यांत सांगितला पाहिजे. त्याचें नांव 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनीं तो रचिला व १९७४ सालीं तो अमेरिकेंत प्रसिद्ध झाला. त्यास पट लागत नाहीं, सोंगट्या नसल्या तरी चालतें. चार-पांच जण एका मेजाभोवतीं बसतात. त्यांतील एक सूत्रधार होतो. तो गोष्ट सांगतो, कीं तुम्ही एका पडक्या किल्ल्याच्या दारापाशीं आला आहां, आंत अंधार आहे, आणि कोणाच्या तरी श्वासाचा आवाज येत आहे. बाकीच्यांनीं एकेक पात्र घेतलेलें असतें, कोणी योद्धा, कोणी तिरंदाज, कोणी मांत्रिक; आणि आपलें पात्र त्या प्रसंगीं काय करील तें ज्यानें त्यानें सांगावयाचें. तें साधलें कीं फसलें याचा निकाल फांसे देतात. नेहमींच्या सहा बाजूंच्या फांशांखेरीज वीस बाजूंचाही एक फांसा असतो. सगळा जमाखर्च कागदावर, पेन्सिलीनें. जव्हारचा पाऊस ज्यांनीं पाहिला आहे त्यांस सांगावयास नको कीं, जूनपासून सप्टेंबरपर्यंत आमचें मैदान म्हणजे तळें असतें आणि वीज केव्हां जाईल याचा नेम नसतो. अशा वेळीं एवढ्याशा साहित्यावर चालणारा खेळ मुलांस आवडला यांत नवल तें काय?

या खेळांत मंत्र आहेत, मांत्रिक आहेत, राक्षस आहेत. म्हणून १९८० नंतरच्या दशकांत अमेरिकेंतील कित्येक ख्रिस्ती पालकांनीं त्यावर मोठा गहजब केला होता. आमच्याकडेही एक-दोन पालकांनीं चिंता बोलून दाखविली. तेव्हां आम्ही तीन शनिवार मुलांच्या शेजारीं बसून खेळ पाहिला. मंत्र म्हणून तेथें कोणी कांहीं पुटपुटत नाहीं. "मी अग्निगोल सोडतों," असें मुलगा म्हणतो, आणि मूठभर फांसे टाकून बेरीज करूं लागतो. इतक्या उत्साहानें तीं मुलें आमच्या तासाला बेरीज करतीं, तर आम्हांस दुसरें कांहीं नको होतें.

आतां किंमतीकडे वळूं. मांत्रिकाजवळ मंत्र असतातच. पण कांहीं वस्तु अशा आहेत कीं, त्या स्वतः कांहीं करीत नाहींत, हाताशीं असलेल्या मंत्राचें बळ मात्र वाढवितात. एक दंड आहे, त्यानें मंत्राचा परिणाम दीडपट होतो. दुसरा आहे, त्यानें फांसे टाकावेच लागत नाहींत. प्रत्येक फांशावर सहाच पडले असें धरावयाचें. एक शिरोबंध आहे, तो मांत्रिकाची बुद्धि वाढवितो, व त्यामुळें त्याचे सगळेच मंत्र चुकविणें शत्रूस जड जातें. खेळांतील मोहरा मोजून या वस्तु विकत घेतां येतात. २००० सालीं निघालेल्या तिसऱ्या आवृत्तींत, व २००३ सालच्या तिच्या सुधारलेल्या आवृत्तींत, या वस्तूंच्या किंमती छापिल्या आहेत, आणि किंमती काढण्याचीं सूत्रेंही दिलीं आहेत. तीं कोष्टकें सर्वांस मोफत वाचावयास खुलीं आहेत. आम्ही पडलों गणिताचे शिक्षक. राक्षसांचीं वर्णनें ओलांडून आम्ही त्या कोष्टकांपाशीं जाऊन थांबलों.

पहिल्या दोन दंडांचेंच उदाहरण घ्या. अग्निगोल हा तिसऱ्या पायरीचा मंत्र. कसलेला मांत्रिक तो सोडतो तेव्हां दहा फांसे टाकावयाचे. एका फांशाची सरासरी साडेतीन, म्हणजे दहांची ३५. दीडपटीच्या दंडानें ३५ चे साडेबावन्न होतात, वाढ साडेसतरा. 'सगळे सहाच' या दंडानें ६० होतात, वाढ २५. आतां किंमती पाहा. तिसऱ्या पायरीपर्यंतच्या मंत्रांस चालणारा, दिवसांतून तीन वेळां वापरतां येणारा दीडपटीचा दंड ९,००० मोहरांस. त्याच मर्यादेंतील दुसरा १४,००० मोहरांस. भागून पाहिलें तर पहिल्यांत वाढीच्या एका गुणास सुमारें ५१४ मोहरा पडतात, दुसऱ्यांत ५६०. भाव जवळजवळ सारखा; दुसऱ्यांत थोडासा अधिक. हें अधिक कशाचें, असें आम्हीं नववीच्या वर्गास विचारलें. बराच वेळ कोणी बोलेना. मग खोडाळ्याकडील एक मुलगी उठून म्हणाली, "सर, पहिल्यांत फांसे वाईट पडले तर त्याची दीडपटही वाईटच. दुसऱ्यांत ती भीति नाहीं. वरचे पैसे खात्रीचे आहेत." ज्या घरांत दिवाळी सरली कीं वीटभट्टीची उचल घ्यावी कीं न घ्यावी याचा विचार चालतो, त्या घरांतील मुलीस खात्रीची किंमत आम्हीं काय शिकवावी?

याहून मोठी मौज शिरोबंधांत आहे. बुद्धि २ नें वाढविणारा शिरोबंध ४,००० मोहरांस, ४ नें वाढविणारा १६,००० मोहरांस, आणि ६ नें वाढविणारा ३६,००० मोहरांस. वाढ दुप्पट झाली कीं किंमत चौपट, तिप्पट झाली कीं नऊपट. म्हणजे वाढीचा वर्ग करून त्यास हजारानें गुणावयाचें. बाजारांत असें कोठें असतें? दोन पायल्या नागली घेतली म्हणून कोणी चौपट पैसे मागत नाहीं; उलट पोतेंभर घेणाऱ्यास चार पैसे सूटच मिळते. मग येथें वर्ग कां?

याचें उत्तर, आमच्या मतें, मेजाभोवतीं बसलेल्या चौघांत आहे. योद्ध्याचा कमरपट्टा, तिरंदाजाचे हातमोजे, यांचाही भाव त्याच सूत्रानें काढिला आहे. ४ चा एक शिरोबंध घ्यावयाचा तर १६,००० मोहरा पडतात. तितक्याच मोहरांत २ च्या चार वस्तु येतात, चौघांस एकेक. एकाच्याच अंगावर सगळें चढविण्यापेक्षां चौघांस थोडें थोडें वांटणें स्वस्त पडावें, अशी ही मांडणी आहे. किंमत सरळ पटींत वाढती, तर एकावर सगळें खर्चण्यांत कांहींच तोटा नव्हता. तो एक बलाढ्य होत जाता, आणि बाकीचे तिघे त्याची करामत पाहत बसून राहते. मोहरा काय, त्या कागदावरच्या. पण त्यांच्या आडून जी वस्तु खरोखर मोजली जाते ती म्हणजे शेजारच्या मुलाची पाळी. ती कागदावरची नव्हे. हें आम्ही वाचून सांगत नाहीं, डोळ्यांनीं पाहिलें तें सांगतों.

मुलांजवळ होतें तें पुस्तक २०१४ सालच्या पांचव्या आवृत्तीचें. एका माजी विद्यार्थ्यानें तें पुण्याहून आणून दिलें होतें. या आवृत्तींत वरच्यासारखीं सूत्रें नाहींत. वस्तूंची वर्गवारी त्यांच्या दुर्मिळतेवरून केली आहे, आणि प्रत्येक वर्गास एक ऐसपैस भाव दिला आहे: 'दुर्मिळ' वस्तु ५०१ पासून ५,००० मोहरांपर्यंत, 'अतिदुर्मिळ' ५,००१ पासून ५०,००० पर्यंत. मंत्राच्या नेमांत दोन गुणांची भर घालणारी 'युद्धमांत्रिकाची कांडी' ही 'दुर्मिळ' वर्गांतली. मांत्रिक झालेला मुलगा म्हणाला, "६०० ला दे." सूत्रधारानें दिली. पुस्तकाप्रमाणें त्यांत कांहींच गैर नव्हतें.

वीस बाजूंच्या फांशावर दोन गुण, हे ऐकतांना थोडे वाटतात. पण ज्यास अकरा पडल्यावांचून नेम साधत नव्हता, म्हणजे विसांपैकीं दहा वेळां साधत होता, त्यास आतां बारा वेळां साधूं लागतो. पांचवा हिस्सा अधिक. जेथें अठरा पडावे लागत, तेथें विसांत तीनच्या जागीं पांच वेळां साधतो. प्रसंग जितका कठीण तितकी अशी वस्तु अधिक कामास येते, आणि गोष्ट पुढें जाते तसतसे प्रसंग कठीणच होत जातात. पुढील दोन शनिवार प्रत्येक राक्षस मांत्रिकानेंच पाडिला. मोखाड्याकडील सातवींतला एक लहान मुलगा तिरंदाज झाला होता. त्याची पाळी येईपर्यंत पाडावयास कोणी उरतच नसे. तिसऱ्या शनिवारीं तो आला नाहीं. विचारलें तर म्हणाला, "सर, कपडे धुवायचे होते." बाहेर मुसळधार कोसळत होता.

तेव्हां मुलें आमच्याकडे निकाल मागावयास आलीं. आम्हीं जुनीं कोष्टकें त्यांच्यापुढें ठेविलीं व हिशेब त्यांच्यावरच सोंपविला. दोन संध्याकाळ भांडण चाललें. एकानें सुचविलें कीं, गोष्टींत एक चोर आणावा आणि त्याच्याकरवीं कांडी पळवावी, म्हणजे प्रश्न मिटला. सूत्रधारास तें मानवेना. आपणच विकलेली वस्तु आपणच चोरून न्यावयाची ही लबाडी, असें तो म्हणाला, आणि त्याचें हें बोलणें ऐकून आम्हांस समाधान वाटलें. शेवटीं ठरलें तें असें: कांडीचा भाव ५,०००, मांत्रिकाकडे ४,४०० उधारी, ती त्यानें आपल्या लुटीच्या वांट्यांतून सर्वांच्या पिशवींत भरावी, आणि त्या पिशवींतून पहिल्यानें तिरंदाजास धनुष्य घ्यावें. लहान मुलगा परत येऊं लागला. २०२४ सालच्या आवृत्तींत ते ऐसपैस भाव काढून 'दुर्मिळ' वस्तूस ठोक ४,००० व 'अतिदुर्मिळ' वस्तूस ४०,००० मोहरा अशी किंमत छापिली आहे, असें त्यांस मागाहून कळलें, तेव्हां आपला आंकडा छापील आंकड्याच्या इतक्या जवळ आला म्हणून त्यांस कोण आनंद झाला!

दुर्मिळतेवरून भाव ठरविण्याची ही रीत खेळवाल्यांनीं काढिली असें मात्र नव्हे. मोखाड्यावरून त्र्यंबकेश्वरीं जाणाऱ्यांनीं, विशेषतः पौषांत निवृत्तिनाथांच्या यात्रेस पायीं जाणाऱ्या आपल्या वारकरी पालकांनीं, ती तेथील दुकानांत पाहिली असेल. रुद्राक्ष हें एका झाडाच्या फळांतील बीं. आपल्याकडे येणारे रुद्राक्ष मुख्यत्वें नेपाळ व इंडोनेशिया या देशांतून येतात. बियेवर ज्या उभ्या रेघा असतात त्यांवरून त्याचीं मुखें मोजतात. पंचमुखी सर्वांत विपुल, म्हणून सर्वांत स्वस्त. मुखें त्याहून फार कमी किंवा फार जास्त झालीं कीं भाव भराभर चढतो, आणि एकमुखी म्हटला कीं विचारूंच नये. भाव इतका चढला म्हणजे कोरून केलेले बनावट दाणेही बाजारांत येणारच, व ते येतात.

गंमत ही कीं, ज्या जुन्या ग्रंथांत जपमाळेचें माहात्म्य सांगितलें आहे, त्यांतील हिशेब याच्या अगदीं उलट आहे. लिंगपुराणांत एक चढती गणना दिली आहे. बोटांवर जप मोजला तर फळ एकपट. शंखाच्या मण्यांवर शंभरपट, पोंवळ्यांवर हजारपट, स्फटिकावर दहा हजारपट, मोत्यांवर लाखपट, सोन्याच्या मण्यांवर कोटिपट. येथवर वाचणारा श्रीमंत मनुष्य खूष होत असेल. परंतु याच्याही वर, ज्यास अंत नाहीं असें फळ कशानें, तर कुशाच्या गवताच्या गांठींनीं आणि रुद्राक्षानें. गवत! जें फुकट मिळतें! जपाचें फळ काय, हा आमच्या अधिकाराचा विषय नव्हे, व ज्या घरांत ती श्रद्धा आहे त्या घरांतील मुलें आमच्या वर्गांत बसतात याचें आम्हांस भान आहे. कोष्टक म्हणून मात्र आम्ही त्याची तारीफ केल्यावांचून राहूं शकत नाहीं. ज्यानें तें मांडिलें त्यानें सोन्याची माळ घेणाऱ्यास कोटीवर थोपविलें आणि नदीकांठीं गवताला गांठी मारणाऱ्यास त्याच्या पुढें बसविलें. पुढें बाजारानें त्याच रुद्राक्षाचीं मुखें मोजलीं आणि पुन्हां श्रीमंतास पुढें आणिलें, तो भाग निराळा.

आमच्या पवित्र शास्त्रांतही जादूच्या साहित्याच्या किंमतीचा एक आंकडा आहे, तो येथें सहज आठवला म्हणून सांगतों. प्रेषितांच्या कृत्यांच्या १९ व्या अध्यायांत इफिस शहरच्या लोकांनीं आपलीं जादूची पुस्तकें सर्वांसमक्ष जाळलीं तो प्रसंग आहे. त्या वेळीं त्यांनीं पुस्तकांची किंमत केली, ती ५०,००० रुपेरी नाणीं भरली. तें नाणें त्या काळच्या मजुराच्या एका दिवसाच्या मजुरीचें धरलें, तर ही एका मजुराची सुमारें १३७ वर्षांची कमाई होते. आम्हांस त्यांत लक्षांत राहतें तें हें कीं, किंमत केली ती विकतांना नव्हे, तर जाळतांना. तिच्यांत कोणाचा नफा नव्हता, म्हणून ती आम्ही खरी मानतों.

मंत्राचें बळ वाढविणारी वस्तु आमच्या मुलुखांतही विकली जाते. तिला मात्र कोणी खेळ म्हणत नाहीं. पाड्यावरचा जुना भगत सुपांत तांदळाचे दाणे टाकून पाहतो, त्याचा ठरलेला दर आम्हीं कधीं ऐकला नाहीं. कोणी पायलीभर भात देतो, कोणी कोंबडें, कोणी नारळ. त्याच्या विद्येविषयीं आमचें मत निराळें आहे, व तें आम्ही लपवीत नाहीं: सर्पदंश झालेल्या माणसाचा जो तास भगताच्या अंगणांत जातो, तो जव्हारच्या पतंगशाह रुग्णालयांत परत मिळत नाहीं. पण किंमतीपुरतें बोलावयाचें तर एक गोष्ट मान्य केली पाहिजे. भगत त्याच पाड्यांत राहतो. त्याचा उपाय फसला तर दुसऱ्या दिवशीं त्याच विहिरीवर, त्याच माणसांसमोर त्यास उभें राहावें लागतें. वसतिगृहांतील सूत्रधाराप्रमाणें त्यालाही मेज सोडून जातां येत नाहीं. जत्रेंतला विक्रेता संध्याकाळीं आपलें पाल गुंडाळतो.

यंदा दिवाळीच्या सुटींत दहावींतील एका मुलाच्या वडिलांनीं अशाच एका जत्रेंतून त्याच्यासाठीं ताईत आणिला. विक्रेत्याजवळ तीन प्रकार होते: तांब्याचा १५१ रुपयांस, चांदीचा ५५१ रुपयांस, आणि 'सिद्ध केलेला' चांदीचा २,१०० रुपयांस. काम तिघांचें एकच: आंत घातलेल्या मंत्राचें बळ वाढावें आणि वाचलेलें स्मरणांत राहावें. वडिलांनीं मधला घेतला. भट्टीवर जाण्यासाठीं घेतलेल्या उचलींतून ते पैसे गेले. मुलगा तोच, आमचा सूत्रधार. शाळा पुन्हां सुरू झाली त्या दिवशीं वडील त्यास पोंचवावयास आले, आणि आमच्याच ओसरीवर बसून त्यांनीं तो ताईत त्याच्या हातीं दिला. मुलानें तो उलटसुलट करून पाहिला आणि विचारलें,

"बाबा, हा दिवसांतून किती वेळां चालतो?"

वडील गप्प राहिले.

"आणि कोणत्या इयत्तेपर्यंत? वर्गांतल्या सगळ्यांनीं बांधला तर मग काय?"

मुलगा थट्टा करीत नव्हता, हें त्याच्या मुद्रेवरून आम्हांस दिसत होतें. खेळांतल्या वस्तूंच्या वर्णनांत या गोष्टी लिहिलेल्या असतात. कितीदां, कोठवर, आणि दुसऱ्याजवळही असली तर काय. त्या ठाऊक असल्यावांचून किंमत बोलावयाची नाहीं, ही त्यास आतां संवयच लागली आहे. वडिलांनीं जरा विचार केला आणि म्हणाले, "तें त्यानें नाहीं सांगितलें. मींही नाहीं विचारलें. मी होळीपर्यंत भट्टीवर असणार. तुझ्या अभ्यासाच्या वेळीं माझें कांहींतरी तुझ्यापाशीं असावें, म्हणून घेतला."

मुलानें मुकाट्यानें ताईत दंडावर बांधून घेतला. आम्हीही त्यावर कांहीं बोललों नाहीं.

त्या पित्यास दोष देणें आमच्या जिवावर येतें. ज्यासाठीं त्यानें पैसे दिले तें त्यास मिळालें, असेंही कोणी म्हणेल. तथापि तेवढें काम त्याच्या खांद्यावरचा जुना पंचाही करता, आणि तो घरींच होता. दोष द्यावयाचा तो त्या तीन किंमतींस. १५१ आणि ५५१ यांत साडेतीनपटीहून थोडें अधिक अंतर आहे. योगायोग असा कीं, खेळांतील दीडपटीच्या लहान व मध्यम दंडांत, ९,००० आणि ३२,५०० यांतही, जवळजवळ तेवढेंच आहे. परंतु तेथें त्या अंतराचें कारण शेजारींच लिहिलेलें असतें: पहिला तिसऱ्या पायरीच्या मंत्रांपर्यंत चालतो, दुसरा सहाव्या पायरीपर्यंत. तांब्याहून चांदीनें किती धडे अधिक पाठ होतात, आणि चांदीहून 'सिद्ध' चांदीनें किती, हें विक्रेता सांगत नाहीं. सांगितलें तर तें तपासतां येईल. आणि २,१०० चा तो ताईत फार खपावा अशी त्याची अपेक्षा असेल, असेंही आम्हांस वाटत नाहीं. सर्वांत महाग घेण्याचें बापास बळ नसतें, आणि मुलासाठीं सर्वांत स्वस्त घेणें त्याच्या मनास लागतें. मधली किंमत त्याच्याचसाठीं मांडून ठेविलेली असते.

याविषयीं कायदेही आहेत, ते मोठ्या वर्गांतील मुलांनीं जाणून घ्यावे. ताईत, मंत्र, कवच यांनीं ठराविक रोग बरे होतात अशा जाहिरातींस १९५४ सालच्या केंद्रीय कायद्यानें बंदी आहे. महाराष्ट्रांत डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनीं ज्या कायद्यासाठीं वर्षानुवर्षें खटपट केली, त्याचा वटहुकूम निघाला तो २० ऑगस्ट २०१३ रोजीं पुण्यांत त्यांचा खून झाल्यावर, त्याच महिन्यांत. आणि डिसेंबरांत विधिमंडळानें कायदा मंजूर केला. पुढें जानेवारी २०२१ मध्यें मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानें, अलौकिक गुण असल्याचें सांगून यंत्रें वगैरे वस्तु विकण्याच्या दूरचित्रवाणीवरील जाहिराती या कायद्याविरुद्ध आहेत, असा निकाल दिला. दंडावर ताईत बांधणाऱ्या मुलास किंवा तो आणणाऱ्या बापास केवळ तेवढ्यावरून या कायद्यानें कांहीं होत नाहीं, हेंही सांगून ठेवितों; कारण ओसरीवरील तें बोलणें ऐकून दुसऱ्या एका मुलानें घाबरून आपला ताईत पेटींत लपविला होता.

सहामाही परीक्षेनंतर आम्हीं या कोष्टकांवर नववीच्या वर्गास कांहीं उदाहरणें घातलीं. त्यावर एका पालकांनीं, गणिताच्या तासाला आपण मंत्र शिकवितां काय, असें पुसलें. त्यांच्या माहितीसाठीं त्यांतील एक उदाहरण येथें देतों. चौघे सोबती आहेत. त्यांच्याजवळ मिळून ३६,००० मोहरा आहेत. २ नें बळ वाढविणारी वस्तु ४,००० स, ४ नें वाढविणारी १६,००० स, ६ नें वाढविणारी ३६,००० स मिळते, आणि एकास एकच वस्तु बाळगतां येते. चौघांची मिळून जास्तींत जास्त वाढ किती होईल? वर्गांतील बहुतेकांनीं १० हें उत्तर काढिलें, पण दोन निरनिराळ्या वाटांनीं. कांहींनीं एकास ४ ची आणि तिघांस २ ची वस्तु देऊन ८,००० मोहरा शिल्लक ठेविल्या. कांहींनीं दोघांस ४ ची आणि एकास २ ची देऊन पिशवी रिकामी केली. दोन्ही बरोबर असल्यामुळें आम्हीं दोघांसही पूर्ण गुण दिले. त्या वह्या आमच्या मेजावर पडल्या असतां सातवींतल्या तिरंदाजानें त्या चाळल्या, आणि दुसऱ्या उत्तराखालीं पेन्सिलीनें लिहून ठेविलें, "चौथा कोण?"